चकणी गाडी

१

‘सदर वाहनात कोणताही यांत्रिक दोष आढळून आलेला नाही. सबब अपघात सर्वस्वी चालकाच्या बेफिकिरीमुळे घडला, असे समितीचे एकमत आहे.’

आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या प्रमोदिनीबाईंनी हा मसुदा पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकेवरून फिरवावी तशा नजरेने वाचला. त्यांनी शेवटापासून सुरुवात केली, कारण खोटेपणा बहुधा शेवटी निर्धास्त होतो. ‘समितीचे एकमत’. समिती तिघांची होती, तिसऱ्या सभासद त्या स्वतः होत्या, आणि त्यांना आजवर कोणी मत विचारले नव्हते. ‘सबब’. गाडी निर्दोष, म्हणून माणूस दोषी. जणू रस्ता, गर्दी, जनावरे ही सगळी मंडळी त्या संध्याकाळी रजेवर होती. आणि ‘आढळून आलेला नाही’. कधी आढळला नाही? अपघात झाला त्या संध्याकाळी, की काही दिवसांनी गाडी तपासली तेव्हा? मधले दिवस संस्थेची ही गाडी चिटणिसांच्या अंगणात उभी होती. त्याबद्दल अहवाल सोवळ्यात असल्यासारखा गप्प होता.

“ताई, औपचारिकता आहे हो,” चिटणीस अनिमेष म्हणाले. शिक्षणसंस्थेचा सगळा कारभार त्यांच्या हाती होता, आणि तो त्यांच्या टेबलावर शिस्तीत मांडलेला दिसत होता. “तपासणी अधिकाऱ्यानं गाडी बघितली. चाकं सरळ, ब्रेक उत्तम, दोन्ही दिवे एका रेषेत. आणखी काय हवं?”

“गाडी रस्ता सोडून बाजूला का गेली, ते हवं.”

“आपल्या ड्रायव्हरचे, सुगतचे, हात कापतात. त्याच्या वडिलांचंही तेच होतं. मी म्हणतो, माणूस वाईट नाही. पण रस्त्यावरच्या त्या बाईचा पाय गेला असता!”

बोलता बोलता पंखा घरघरला, तसे ते उठले, रेग्युलेटरवर बोटाने टिचकी मारून तो गप्प केला आणि समाधानाने परत बसले. “हा मीच बसवला. असल्या कामाला मी कुणाच्या दारात जात नाही. मोबाइलवर बघायचं आणि करायचं.”

रेग्युलेटरला कुंकवाचे बोट होते. दसऱ्याचे. संगणकाला होते, स्टेपलरला होते, मसुद्यावर वजन म्हणून ठेवलेल्या मेणासारख्या पिवळट, जाडजूड रबरी तुकड्यालाही कुंकवाची रेघ होती. या खोलीत पूजा व्हायची राहिली होती ती फक्त शंकेची, असे बाईंच्या मनात आले.

“सोमवारी सही झाली की सुगतला कमी करू. पुढचं कोर्ट बघेल,” चिटणीस म्हणाले.

बाईंनी मसुदा पर्समध्ये घातला. सही केली नाही.

२

सुगत त्यांच्या घरी आला तो चपला बाहेर काढून, आणि बस म्हटल्यावरही खुर्चीच्या कडेवर. पस्तिशीचा, नीट इस्त्री केलेल्या शर्टातला माणूस. बाईंनी चहा पुढे केला, तेव्हा त्याने कप न घेता दोन्ही हात पुढे धरले.

“बाई, आधी हे बघा.”

हात स्थिर होते. बाई बघत राहिल्या, आणि बघता बघता ते किंचित थरथरू लागले. बघण्यामुळे थरथरले की आधीपासून थरथरत होते, हे बाईंना सांगता येईना. त्यांना स्वतःचाच राग आला.

“बाबांचं असंच सुरू झालं होतं,” सुगत म्हणाला. “नोकरीचं नंतर बघू. मला एवढंच सांगा, मी वळवली की ती वळली? कारण मला आता आठवत नाही. रोज रात्री मी ती वळवतो, आणि रोज रात्री ती आपोआप वळते.”

“काय होत होतं गाडीला?”

“सिमेंटच्या रस्त्यावर काही नाही. हात सोडला तरी सरळ. पण रस्ता उखडलेला लागला की भरकटायची. डावं चाक खड्ड्यात गेलं की डावीकडे ओढायची, आणि सावरायला जावं तर भलतीकडे. बरं, दर खड्ड्यात नाही. तेच डोकं फिरवतं.”

“कधीपासून?”

“नागपूरहून आल्यापासून. मी आणि गॅरेजवाला जानू, दर वर्षी धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर जातो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चावी चिटणीस साहेबांकडे दिली, आल्यावर घेतली.”

“त्याच्या आधी गाडी बरी होती?”

“एकदम. फक्त साहेबांच्या दारात पोट घासायची. त्यांनी कामतघरला घरासमोर स्वतःच गतिरोधक बांधून घेतलाय ना, खालून पाइप गेलाय म्हणून एका बाजूनं उंच. त्याच्यावर चढली की खर्र करायची.” तो पहिल्यांदाच हसला, आणि लगेच थांबला. “ओढते म्हणून मी साहेबांना दोनदा सांगितलं. तोंडी. आपण काय लेखी देणार?”

“ते काय म्हणाले?”

“म्हणाले, गाडी ठीक आहे. तुझे हात दाखव डॉक्टरला.”

बाईंनी कप खाली ठेवला. म्हणजे हातांचा संशय अपघातानंतर जन्मलेला नव्हता. अपघाताच्या आधीच कोणीतरी तो काळजीपूर्वक पेरून ठेवला होता. किंवा, आणि हे त्यांना कबूल करावे लागले, तो संशय खराच होता.

३

जानूचे गॅरेज धामणकर नाक्यापासून आत, कापडाच्या टेम्पोंच्या रांगेत दडलेले होते. जानूने बाईंसाठी स्टूल पुसले आणि मोठ्याने बोलायला सुरुवात केली, कारण शेजारच्या गाळ्यात लूम चालू होते.

“मॅडम, दोनदा आणली सुगतनं. दोनदा मशीनवर घेतली. चाकांचा अँगल एकदम करेक्ट. मशीन झूठ नहीं बोलता.”

“मशीनला विचारलंत काय?”

“म्हणजे?”

“गाडी उभी असताना चाकं सरळ आहेत का, एवढंच ना?”

“उभीच करतात ना मॅडम! पळत्या गाडीला मशीन कसं लावणार?” तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “नंतर नव्या रस्त्यावर पळवून बघितली. रेघेसारखी. चाक खोलायची गरजच वाटली नाही. दोस्त आहे म्हणून सांगतो, शेवटी मलापण वाटलं, हात.”

“त्याला तसं बोललात?”

“बोललो.” जानूने पान्याने उगाच दुसऱ्या पान्यावर टक् केले. “चुकलं काय माझं?”

बाई स्टुलावरून उठल्या. त्या म्हणाल्या, “गाडी कॉलेजच्या पोर्चमध्ये आहे. समितीची सभासद म्हणून मी ती मागू शकते. तुम्ही चालवा. रस्ता मी सांगते.”

त्यांनी निवडला तो भिवंडीतला सर्वांत अपमानास्पद रस्ता. कामतघरच्या बाजूला पाइपलाइनसाठी खणून तसाच सोडलेला, वर खडी, खाली पाणी, मध्ये कोणीतरी कर्तव्य म्हणून टाकलेले डांबराचे ठिगळ. जानूने स्टिअरिंगवर बोटे नुसती टेकवली. डावे चाक खड्ड्यात गेले, बाहेर आले. मग उजवे. मग दोन्ही. बाईंचे डोके छताला लागता लागता राहिले.

गाडी सरळ गेली.

“परत,” बाई म्हणाल्या.

परत सरळ. त्यांनी पुन्हा वळायला लावले. पुन्हा सरळ. एखाद्या मन लावून ऐकणाऱ्या विद्यार्थिनीसारखी गाडी खड्ड्यांतून चालत राहिली.

“बघितलं ना?” जानू खिन्नपणे म्हणाला. मित्र खोटा ठरल्याचा त्याला आनंद झाला नव्हता.

बाईंनी गाडी परत न्यायला सांगितले. खरे तर त्यांना काहीच समजत नव्हते. सुगत खोटे बोलत असेल तर त्याने बरे खोटे निवडले असते. ‘ब्रेक लागला नाही’ म्हणणे सोपे होते. आणि तो खरे बोलत असेल, तर ही गाडी कोणी दुरुस्त न करता आपली आपण बरी झाली होती. आजारी गाड्या बऱ्या होत नाहीत, एवढे बाईंनाही ठाऊक होते.

४

अपघातात जखमी झालेली चंपा भिवंडीजवळ पूर्ण्याला राहत होती, गोदामांच्या उंच पत्र्याच्या भिंतीमागे उरलेल्या जुन्या वस्तीत. ती एका गोदामात पॅकिंगला जात असे. त्या संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट पाहत उभी होती. पायाला प्लास्टर, मांडीवर निवडायला घेतलेली मेथी.

“तू त्याच कालेजची काय? सही घ्यायला आलीस?” तिने मेथीवरून नजर न काढता विचारले.

“नाही. माझीच सही अडवून आले.”

चंपाने मान वर केली. “बस मग.”

“गाडी कशी आली ते सांगशील?”

“किती जनांना सांगू? पोलिसाला सांगितला, तो हसला. तुझा साहेब आला व्हता, त्याला सांगितला, तो न्हाय हसला.”

“काय सांगितलंस?”

“गाडी चकनी व्हती.”

बाईंना वाटले, आपण नीट ऐकले नाही.

“अगो, चकनी! एक डोला रस्त्याव, एक माझ्या तोंडाव. उजवा दिवा खाली पडत व्हता, बरोबर. डावा सरळ माझ्या डोल्यांत. मी उभी हाय, बसलेली न्हाय. दिवा उभ्या बाईच्या तोंडाव कशाला येल? मी हात आडवा धरला, तवर ती खड्ड्यात आदळली, न् आली माझ्याव.”

“पलीकडचा भपका असेल. दुसऱ्या गाडीचा?”

“दुसरी गाडी व्हतीच न्हाय.” चंपा आता बाईंकडे कीव आल्यासारखी बघत होती. “तो डायवर उतरून रडत व्हता. दारू प्यालेला न्हाय, काय न्हाय. नुसता आपलं हात बघत व्हता. मला म्हनं, ताई, मी न्हाय वलवली. मी म्हटला, मेल्या, माझा पाय बघ, हात काय बघतोस!”

बाहेर येऊन बाईंनी पर्समधला मसुदा उघडला. तपासणीच्या नोंदीत स्पष्ट होते: दोन्ही दिवे एका रेषेत. तपासणी अधिकाऱ्याला खोटे बोलायचे कारण नव्हते. चंपालाही नव्हते. पण चंपाने पाहिलेली गाडी आणि अधिकाऱ्याने पाहिलेली गाडी एकच असेल, तर दोघांपैकी एकाला डोळे नव्हते.

आणि चंपाचे हे वाक्य ऐकून चिटणीस हसले नव्हते. का?

५

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या दारात त्यांना धोंडूबाई भेटली. शिपाई म्हणून तिने बाईंची अर्धी नोकरी पाहिली होती, आणि त्या हक्काने ती बाईंच्या गुडघ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “पट्टा बांधलात का शेवटी? बरं केलंत. पण चालता कशा तिरक्या!”

“तिरकी? घरात तर सरळ चालते.”

“घरात फरशी असते. इथं ह्या विटा बसवल्यात बघा, एक वर एक खाली.”

बाई थांबल्या. मग, धोंडूबाईला आश्चर्य वाटेल अशा पद्धतीने, त्या मागे गेल्या आणि पुन्हा चालत आल्या. आतल्या गुळगुळीत व्हरांड्यात सरळ. बाहेरच्या उखडलेल्या विटांवर मात्र उजवा गुडघा खाली-वर होऊन उंचसखलपणा गिळून टाकत होता, आणि पट्ट्याने आवळलेला डावा वाकत नव्हता. वीट पायाखाली आली की सगळे अंग डावीकडे ढकलले जात होते.

“धोंडूबाई, साहेबांच्या दारात गाडी अजून घासते?”

“घासते की! परवाच फाइल घेऊन गेले, साहेबच चालवत होते, मी मागं. असं खर्र झालं! मधे दसऱ्याच्या सुमाराला बरी गप्प होती, आता परत सुरू.”

परत सुरू. बाईंनी हा शब्द मनात नीट ठेवून दिला. दसऱ्यापासून अपघातापर्यंत गाडी घासत नव्हती, पण भरकटत होती. आता भरकटत नाही, पण घासते. गाडी बरी झाली नव्हती. गाडीतून काहीतरी काढले होते.

पोर्चमध्ये त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवले. वळलेल्या डाव्या चाकामागे आतली जाड स्प्रिंग दिसू लागली. धोंडूबाईने मोबाइलचा उजेड धरला. धुळीचा थर होताच. बाईंनी रुमालाने तो हलकेच टिपला आणि हात मागे घेतला.

स्प्रिंगच्या वरच्या वेढ्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटाने ओढलेली उभी रेघ होती. खालच्या वेढ्यावर तीच रेघ पुढे चालू होती. मधल्या जागेशी दोन्ही वेढ्यांच्या समोरासमोरच्या कडा मात्र कोऱ्या होत्या, कशाने तरी झाकून ठेवल्यासारख्या घासून चकचकीत झालेल्या. उजव्या स्प्रिंगवर काहीच नव्हते.

“मी नाही हो बाई!” धोंडूबाई घाबरली. “मी बॉनेटला लावलं, चाकांना वरून लावलं. आत हात कशाला घालू? आणि गाडी त्या दिवशी साहेबांच्या घरून झेंडू बांधूनच आली होती.”

बाई ऐकत नव्हत्या. मेणासारखे पिवळट, जाडजूड असे काहीतरी, कुंकवाची रेघ असलेले, त्यांनी कुठे पाहिले होते?

६

सोमवारी चिटणिसांच्या खोलीत समिती जमली. अध्यक्षस्थानी प्राचार्या आसावरी. सभ्य बाई, आणि सभ्यतेमुळेच कोणालाही न अडवणाऱ्या. मसुद्याची स्वच्छ प्रत टेबलावर होती. तिच्यावर वजन ठेवलेले होते.

“सहीला पेन देऊ?” चिटणीस म्हणाले.

“पेन नको. हे द्या,” म्हणत प्रमोदिनीबाईंनी तो पिवळट तुकडा उचलला. पंख्याच्या वाऱ्याने अहवालाची पाने खोलीभर उडाली. ती गोळा करायला कोणीच वाकले नाही.

बाई सगळ्यांना पोर्चमध्ये घेऊन आल्या. तिथे जानूने गाडी जॅकवर चढवून डावे चाक काढून ठेवले होते. बाजूला सुगत उभा होता, हात खिशात घालून. बाईंनी तुकडा जानूकडे दिला.

“हे काय आहे?”

जानूने तो फिरवून बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. “स्प्रिंगचा बफर, मॅडम. वेढ्यांच्या मधे ठोकायचा, गाडी उंच होते. पण हा जोडीनं लावतात. दोन्ही बाजूंना.”

“एकाच बाजूला लावला तर?”

“तर ती बाजू उंच, न् कडक. दबणारच नाही. दुसरी दबणार. सपाट रस्त्याला कळणारपण नाही. खड्ड्यात...” तो सुगतकडे बघायला धजला नाही. “च्यायला. मी चाक खोलायला पाहिजे होतं.”

“बसवा.”

तुकडा वेढ्यांमध्ये चपखल बसला. त्याच्या पोटावरची कुंकवाची रेघ वरच्या वेढ्यावरच्या रेघेला लागली, खालच्या रेघेला लागली, आणि दसऱ्याच्या दिवशी एकाच बोटाने एका दमात ओढलेली ती रेघ सर्वांसमोर पुन्हा अखंड झाली.

“आता तर्क,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा होता. त्यांना फार संताप आला की तो तसाच होत असे. “दसऱ्याला हा तुकडा गाडीत होता, आणि ज्याने त्याची पूजा केली त्याला तो आत आहे हे माहीत होते. सुगत आणि जानू त्या दिवशी नागपुरात होते. आणि इथे असते तरी कुंकू लावायला गेले नसते, हे या संस्थेत प्रत्येकाला ठाऊक आहे. धोंडूबाईने गाडीला वरून कुंकू लावले, तेही गाडी इथे आल्यावर. त्याआधी गाडी एकाच अंगणात होती. डावी बाजू उंच झाली म्हणून डावा दिवा उभ्या बाईच्या तोंडावर गेला. चंपाने ते सांगितले तेव्हा पोलीस हसले. एकच माणूस हसला नाही, कारण त्याला ते समजले. अपघातानंतर तपासणीपर्यंत गाडी पुन्हा त्याच अंगणात होती. तपासणी अधिकारी खरे बोलला, जानूचे मशीन खरे बोलले, चंपा खरे बोलली. एकदा तुकडा आत धरा, एकदा बाहेर धरा. सगळे साक्षीदार जुळतात. न जुळणारे राहते ते फक्त आपले एकमत.”

शेवटी सुगतने विचारले, अगदी हळू, “म्हणजे बाई...?”

“ती वळली, सुगत.”

त्याने खिशातून हात बाहेर काढले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. ते थरथरत होते. आता त्याने ते लपवले नाहीत.

“अनिमेष,” आसावरी म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी चिटणिसांना प्रथमच नुसत्या नावाने हाक मारली होती. “तुम्ही बोला. मी लिहून घेते. एक शब्दही बदलणार नाही.”

त्यांनी तसा तो बदलला नाही. नव्या अहवालात चिटणिसांचा जबाब असा आहे:

‘तुकडा मीच बसवला. जोडी आली होती, पण माझ्या दारात डावी बाजूच घासत होती, म्हणून एकच बसवला. नवी वस्तू म्हणून दसऱ्याला कुंकू लावलं. सुगतने पहिल्यांदा तक्रार केली तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, पण ड्रायव्हरच्या सांगण्यावरून स्वतःचं काम उचकटायचं मला पटलं नाही. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी काढला. फेकायला घेऊन निघालो होतो. पण पूजा केलेली वस्तू. कचऱ्यात टाकायला हात धजेना. अहवालात सुगतचं नाव लिहिताना तसं काही झालं नाही.’